पाच नंबरचं टेबल

बेंगळुरात, मल्लेश्वरमच्या आमच्या घरात एक नियम होता आणि तो आईनं घातलेला होता. उंबरठ्याच्या आत मराठी. बाहेर कानडी बोला, तमीळ बोला, साहेबापुढे इंग्रजी फाडा, पण चपला काढल्या की भाषाही बदलायची. आई निपाणीची, त्यामुळे कानडी तिला मराठीइतकीच येत होती. भाजीवाल्या अज्जीशी ती कानडीत असं भांडायची की अज्जी जाताना कढीलिंबाची जुडी जास्तीची टाकून जायची. तरीही आमच्यापैकी कुणी घरात कानडी शब्द काढला की ती हातातलं उलथनं तव्यावर आपटायची. 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं, हे दोन शब्द तेवढे वाचले, कारण ते तिच्या स्वतःच्याच तोंडात बसले होते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना या नियमाचा काही त्रास नव्हता, ते कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसत. एका संशोधन संस्थेत ते शास्त्रज्ञांसाठी काचेची उपकरणं फुंकून तयार करत. दिवसभर नळीत फुंकून झाल्यावर उरलेला श्वास जेवायला आणि घोरायला ठेवतात, असं आई म्हणायची.

नियमाचा आम्हाला फायदाही होता. बसमध्ये, दुकानात, लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारच्या माणसाबद्दल त्याच्या देखत वाटेल ते बोलायचो. साडीच्या दुकानात आई हसतमुखानं साडीवर हात फिरवत मला सांगायची, "मेला फसवायलाय, तोंड वाकडं कर," आणि मी तोंड वाकडं करायची. मराठी म्हणजे आमची आतून कडी लावलेली खोली होती. तिच्यात बोललेलं बाहेर जात नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तसं शिकवायची गरजच पडली नव्हती. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तरी मला त्याच्या उलट अनुभव आला नव्हता.

मॅट्रिक होऊन मी विजेचे मीटर करणाऱ्या एका कारखान्यात लागले होते. त्याचं नाव सांगत नाही, त्या जागी आता उंच इमारती झाल्या आहेत आणि ज्यांच्याशी भांडायचं ती माणसंही राहिली नाहीत. सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची. आई डब्यात थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरताना म्हणायची, सगळ्यांना पुरेल एवढं दिलंय, एकटी खाऊ नकोस. बायकांचा विभाग वेगळा होता. लांबच लांब हॉल, वरून पांढरा उजेड, आणि एकेका टेबलाशी सहा सहा जणी. आमचं काम कॉईल गुंडाळायचं. समोर छोटं यंत्र, पायाशी पट्टी, पट्टी दाबली की बॉबिन फिरायची आणि तिच्यावर तांब्याची तार चढत जायची. तार केसाहून बारीक. बोटाचा दाब जरा जास्त झाला की तुटायची, जरा कमी झाला की सैल बसायची. मग टोकं खरवडायची, सोल्डर करायची, दोऱ्यानं बांधायची आणि कॉईल आपल्या ट्रेमध्ये ठेवायची. हॉलभर यंत्रांचा आवाज भरलेला असे, पीठ चाळताना येतो तसा, एकसारखा. पहिल्या दिवशी माझं डोकं दुखलं, पंधरा दिवसांनी सुटीच्या दिवशी त्या आवाजावाचून करमेना.

आमचं टेबल पाच नंबरचं आणि त्याची मुख्य सरोजक्का. तिला मुख्य कुणी नेमलं नव्हतं, हुद्दा काही नव्हता, पण आम्हा पाचही जणींना तार धरायला तिनंच शिकवलं होतं. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. नवरा कुठे असतो हे तिला विचारायचं नाही, एवढं नव्या मुलीला पहिल्या दिवशीच सांगितलं जायचं. घरी एक मुलगी, नर्सिंगच्या शिक्षणाला घातलेली, तिचं शेवटचं वर्ष. अक्काची पद्धत अशी, की तयार झालेल्या कॉईलवरून ती अंगठा फिरवायची आणि डोळे मिटून सांगायची, इथे सैल आहे. आणि तिथेच सैल असायची. डोळे मिटायची ती सवय आहे, असं मी सहा महिने समजत होते. मग फिलोमिनानं मला जेवणाच्या सुटीत बाजूला घेऊन सांगितलं की अक्काला उघड्या डोळ्यांनीही आता तार दिसत नाही.

फिलोमिना माझ्या डाव्या हाताला बसायची, फटकळ, हसरी, डब्यातून वाटाण्याएवढे लाल माशांचे तुकडे आणायची आणि माझ्यासमोर ते मुद्दाम चवीनं खायची. तिनं मला टेबलाचा रिवाज सांगितला. दर तासाची पहिली कॉईल आपल्या ट्रेमध्ये ठेवायची नाही. ती डावीकडे सरकवायची, डावीकडचीनं आणखी डावीकडे, असं करत ती अक्काच्या ट्रेमध्ये जायची. त्या कॉईलला मुली 'मीसलु' म्हणत. कानडीत मीसलु म्हणजे देवासाठी आधी बाजूला काढून ठेवलेलं. आणि देवाला काही कोणी किडकं फळ वाहत नाही. मीसलु कॉईल म्हणजे तार नीट ताणलेली, टोकं स्वच्छ, दोरा दोनदा बांधलेला. ती दिल्यावर आपल्या ट्रेमध्ये खड्डा पडायचा, तो भरून काढायला उरलेला तास हात आपोआप पळायचे. अक्का बदल्यात दोऱ्याच्या गाठी बांधायची, अंगठ्यानं आमच्या कॉईल तपासायची आणि दुपारी तीनच्या सुमारास, सगळ्या हॉलला पेंग यायची तेव्हा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अशा काही कागाळ्या सांगायची की आमची पेंग पळायची. सहा डबे एकत्र उघडले जायचे. बिसीबेळे भात, थालीपीठ, चिंचेचं चित्रान्न, आणि फिलोमिनाचे मासे त्यातल्या त्यात लांब ठेवलेले.

मी आता बनशंकरीला लेकीकडे असते. माझी नात बोम्मसंद्राच्या एका कंपनीत आहे आणि कामगारांचं 'मोटिव्हेशन' टिकवणं हे तिचं काम आहे. त्यासाठी तिला पगार मिळतो. परवा ती लॅपटॉप मांडीवर घेऊन विचारत होती, आजी, तुमच्या वेळी लोकांना मोटिव्हेट कसं करायचे? मी म्हटलं, आम्हाला कुणी करायला गेलं की आमचं बिघडायचं. ती हसली आणि तिनं ते कुठेतरी लिहूनही घेतलं. लिहून घेणारी माणसं दिसली की मी अजून विषय बदलते, हे तिला सांगितलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी एकोणीस वर्षांची होते, त्या दिवाळीच्या दोनेक महिने आधी मनोहर कर्णिक आमच्या घरी यायला लागले. मराठी मंडळींच्या गणपतीत अण्णांची आणि त्यांची ओळख झाली. पुण्याचे, परदेशात काही महिने शिकून आलेले, आणि योगायोग असा की माझ्याच कारखान्यात वर्क स्टडीचे साहेब. कोण किती वेगानं काम करतं, का करतं, हे घड्याळ घेऊन बघायचं, असं त्यांचं काम. लॉजवर राहायचे आणि तिथलं पातळ सार, सारू, खाऊन कंटाळले होते. अण्णांनी रविवारी जेवायला बोलावलं, आणि मग दर रविवारचं त्यांचं पान आमच्याकडे ठरूनच गेलं. वयानं ते काका म्हणण्याजोगे नव्हते, पण अण्णांचे स्नेही म्हणून मी कर्णिककाका म्हणायची. आईला ते वहिनी म्हणत. आईची निपाणीची आमटी खाऊन पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसत त्यांनी आणखी मागितली, आणि आईनं त्यांना त्या क्षणी पदरात घेतलं. "घ्या ओ, एवढ्यानं काय होतंय, अंगावर मांस कुठाय तुमच्या," असं म्हणत ती वाढत राहायची. आमच्या घरात दोनदा नको म्हटलेलं ऐकू येत नसे.

खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचे. तसल्या अर्थानं नव्हे, उगाच कुणी भुवया उंचावू नयेत. कारखान्यात साहेब लोक आमच्या हातांकडे बघत, तोंडाकडे कुणी बघत नसे. हे बघायचे. हॉलमध्ये भेटले तर इंग्रजीत गुड मॉर्निंग आणि मग हळूच मराठीत, "आज आमटी कसली आहे गं?" एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझ्यासाठी कुणीतरी कडी लावलेली खोली उघडायचं, त्याचा मला केवढा तोरा होता.

तो रविवार मला पानासकट आठवतो. भरली वांगी, आमटी, भात, कोशिंबीर, आणि साहेबांना आवडते म्हणून ज्वारीची भाकरी. कर्णिककाका म्हणाले, शालू, तुमच्या टेबलानं माझी झोप उडवली आहे. दुपारनंतर सगळी टेबलं मंदावतात, पाच नंबर मंदावत नाही. आणि त्या वयस्क बाईंच्या ट्रेमधली एकही कॉईल तपासणीत परत येत नाही, सबंध हॉलमध्ये असं दुसरं कुणी नाही. मग त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि विचारलं, "मला खरंच समजून घ्यायचंय. तुम्हा मुलींना एवढा हुरूप येतो कुठून?"

मला तोवर असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अण्णाही जेवायचे थांबून माझ्याकडे बघत होते. आपल्या लेकीला साहेब काहीतरी विचारतोय, याचं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी फुगले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मीसलु सांगितलं. डावीकडे सरकवायची रीत सांगितली, अक्काचे डोळे सांगितले, तिची नर्स होऊ घातलेली मुलगी सांगितली. सांगताना मी इतकी रंगले की हात वाळले तरी उठले नाही. शेवटी मी म्हणाले, "अक्का नुसती बसून असली ना, तरी आमचे हात चालतात. ती नसली की तार तुटते." मग एकदम भानावर येऊन म्हटलं, काका, हे घरातलं हं.

"घरातलं घरातच," ते म्हणाले. त्यांच्या हातावरून आमटीचा ओघळ मनगटाकडे चालला होता. आईनं आणखी एक वांगं त्यांच्या पानात टाकलं.

दिवाळीला ते पुण्याला गेले आणि जाण्याआधी आपला अहवाल देऊन गेले. मला अहवालाचं काही ठाऊक नव्हतं. सुटीनंतरच्या आठवड्यात अक्काला ऑफिसातून पत्र आलं. पत्र इंग्रजीत, अक्काला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी डोळ्यांनी साथ दिली नसती. तिनं ते पत्र जेवणाच्या सुटीत, सहा डबे उघडे असताना, माझ्यापुढे धरलं. मॅट्रिक झालेली मी एकटीच. मी मोठ्या ऐटीत वाचायला आणि कानडीत सांगायला सुरुवात केली. पाच नंबरच्या टेबलावरील ज्येष्ठ कामगार नुसती बसून असते, असं वर्क स्टडी विभागाच्या पाहणीत आढळून आलं आहे. तिचं काम इतर मुली करतात. सबब, डोळ्यांच्या तपासणीसाठी हजर राहावं.

नुसती बसून असते. माझंच वाक्य होतं. त्याचा पुढचा अर्धा भाग कुठे गेला, तो त्यांनी का घेतला नाही, हे मला त्या कागदावर शोधूनही सापडेना. घरात, पाटावर बसून, मराठीत बोललेलं माझं वाक्य इंग्रजीत जाऊन टाइप होऊन परत माझ्याच हातात आलं होतं आणि मला ते कानडीत सांगायचं होतं. मी सांगितलं. माझा आवाज बदलला असणार, कारण फिलोमिनानं चमचा खाली ठेवला. ती म्हणाली, "रविवारी तो साहेब कुणाच्या घरी जेवतो?" आणि आपला डबा बंद करून उठली. रिवाज आम्हा सहाजणींशिवाय कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा शोधायला लांब जायची गरज नव्हतीच. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, ते त्यांनी केलं. पण वासे मोजायला शिडी मीच दिली होती.

सगळं फार सभ्यपणे झालं, हीच त्यातली वाईट गोष्ट. डॉक्टरांनी डोळे तपासले, अक्का कामाला अयोग्य ठरली, मॅनेजरनं स्वतः येऊन हार घातला आणि तिच्या सेवेबद्दल दोन शब्द बोलला. मुलीचं शिक्षण पुरं व्हायला अजून सहा महिने होते, त्याबद्दल कुणी बोललं नाही. हार गळ्यात असतानाच अक्का टेबलाशी आली आणि एकेकीची कॉईल उचलून तिच्यावरून अंगठा फिरवू लागली. माझ्यापाशी आली. मला वाटलं आता बोलेल, निदान रागानं तरी. तिनं माझी कॉईल हातात घेतली, डोळे मिटले. "सैल आहे. स्वल्प बिगि माडु," म्हणाली. जरा घट्ट कर. बाकी काही नाही. कॉईल ट्रेमध्ये ठेवून ती पुढच्या मुलीकडे गेली.

मी आईला सगळं सांगितलं. आई तव्यासमोर बसून ऐकत होती, भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं थालीपिठं केली, फडक्यात बांधून दिली आणि म्हणाली, जा, पाया पड तिच्या. मी गेले. अक्काचं घर दोन बस बदलून होतं. दार तिनंच उघडलं. एरवी ती मला "बा, कूत्को" म्हणायची, ये, बस, लेकीला म्हणावं तसं. त्या दिवशी ती म्हणाली, "बन्नि, कूत्कोळ्ळि." या, बसा. एवढं एकच तिनं केलं. कॉफी दिली, थालीपिठं ठेवून घेतली, आईची तब्येत विचारली, सगळं अहो-जाहो करत. मी पाया पडायला वाकले तर तिनं मला खांद्याला धरून उभं केलं, परक्याला करतात तसं. मुलीचं कसं काय, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, शिक्षण थांबवलंय, एका दवाखान्यात कामाला लागली आहे. रस्त्याला लागल्यावर मी रडले. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी पुन्हा गेले असते.

इकडे टेबलाचं बिघडलं. अक्काच्या जागी एक तरतरीत मुलगी आली होती, दृष्टी उत्तम. हिशेबानं काम वाढायला हवं होतं. पण तीनच्या सुमारास आम्हालाही पेंग येऊ लागली. तारा तुटू लागल्या. तपासणीतून ट्रे भरभरून कॉईल परत यायच्या. आम्ही काही ठरवलं नव्हतं, संप नव्हता, कुणी कुणाला खूण केली नव्हती. मी तर जीव तोडून करत होते, जणू कॉईल चांगल्या झाल्या तर अक्का परत येणार होती. पण पहिली कॉईल हातात आली की ती डावीकडे सरकवायला हात जायचा, आणि तिथे फिलोमिना माझ्याकडे पाठ करून बसलेली असायची. डबे वेगवेगळे उघडले जात. हुरूप कुठून येतो ते मला तेव्हा खरं समजलं, आणि ते कुणालाही सांगण्याजोगं राहिलं नव्हतं.

कर्णिक पुण्याहून परतले होते, पण आमच्याकडे फिरकले नव्हते. अण्णांना ते रस्त्यात भेटले आणि अण्णांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मला हे कळलं तेव्हा मी अण्णांशी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. ते म्हणाले, "माणूस वाईट नाही गं. त्याचं कामच आहे ते." एवढंच. माझ्या वडिलांनी, ज्यांनी मला त्या दिवशी कौतुकानं बोलतं केलं होतं, त्यांनी हे म्हणावं, याचा सल मला त्या साहेबाच्या अहवालाइतकाच झाला. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, आणि अजून ते वाक्य आठवलं की मी त्यांच्या फोटोकडे बघत नाही.

रविवारी ते आले. हात जोडून "काय वहिनी" म्हणाले. आईनं पाट मांडला होता, पानं वाढली होती. त्या दिवशी मी वाढायला होते. मग त्यांनीच विषय काढला. म्हणाले, शालू, तू रागावली आहेस हे मला कळतंय. पण मी कुठेही तुझं नाव घातलेलं नाही, अगदी त्या बाईंचंही नाही. फक्त ज्येष्ठ कामगार एवढंच लिहिलं. आपला शब्द मी पाळला. ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी शब्द पाळला आहे, आणि त्यामुळे माझ्या अंगाची आग झाली. कपटी माणसाला निदान ठाऊक तरी असतं.

मग त्यांनी भाताचं आळं केलं, आमटीसाठी, आणि भुवया आक्रसून म्हणाले, "एक मात्र कोडं सुटत नाही. पाच जणी सहांचं काम करत होत्या. आता सहाजणी आहेत, तर पाचांचंही होत नाही. असं का गं होतंय? तूच सांगू शकशील."

मी आमटीचं पातेलं आणि डाव घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. भाषेनं दार लावायचं ते कसं, हे अक्कानं मला तिच्या घरी शिकवलं होतं. बेंगळुरात आलेला प्रत्येक परका सगळ्यात आधी एक कानडी वाक्य शिकतो, तेवढं त्यांनाही येत होतं. त्या घरातला जन्मापासूनचा नियम मी पहिल्यांदाच जाणूनबुजून मोडला.

"ननगे गोत्तिल्ल, सार," मी म्हणाले. मला माहीत नाही, साहेब.

अण्णांचा घास हातातच राहिला. मी आईकडे बघितलं, आता उलथनं आपटेल म्हणून. आई उठली. तिनं माझ्या हातातून पातेलं घेतलं, कर्णिकांच्या पानाकडे बघितलं, घ्या ओ म्हणाली नाही, आणि पातेलं घेऊन आत गेली. त्यांच्या पानात भाताचं आळं तसंच कोरडं होतं.